तीस तारखेला मी नावेतून येते

३ एप्रिल, सकाळी
धाकटे, काल फोनवर तू तिसऱ्यांदा विचारलंस, कुठली गं नाव? डोळ्यांवर चष्मा लावून घरभर चष्मा शोधणारी बाई तू, तुझ्या लक्षात काय राहणार! म्हणून आजपासून सगळं तारीखवार वहीत. मी सांगते, सून लिहिते. मला अक्षरं येत नाहीत, पण डोकं चालतं. घरात काहींचं उलटं आहे.

तर नाव म्हणजे तुझ्या भावोजींची, मासे धरायची, अ‍ॅल्युमिनियमची. ते गेल्यापासून अंगणात पालथी पडली आहे. बत्तीस वर्षं त्यांनी मला तिच्यात एकदाही बसवलं नाही. मी असले की मासे घाबरतात म्हणे. मी नसतानाही ते रिकाम्या हातांनीच यायचे, तेव्हा मासे कोणाला घाबरत होते कोण जाणे.

तुझ्याकडे यायचं तर दोन बस. माझ्या गुडघ्यांनी त्याला नकार दिल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून आपली भेट नाही. तलावातून मात्र तू समोरच, वीस मिनिटांवर. पण धक्क्यावरची भावोजींची नाव बांधायची जागा तीस तारखेपर्यंतच आपली. त्या दिवशी नाव तिथं तरंगताना दिसली नाही तर जागा पुढच्या नंबराला, असं बोट क्लबच्या सेक्रेटरीचं पत्र आलंय. पुढचा नंबर दातांच्या डॉक्टरचा. त्याला मी माझे दात दिले, जागा देणार नाही.

चिरंजीव म्हणाले, आई, भंगारात देऊन टाकू. मी म्हटलं, आधी मला दे.

निश्चय: नाव मी दुरुस्त करणार. तीस तारखेला तिच्यातून तुझ्याकडे येणार आणि ही वही तुझ्या हातात देणार.

५ एप्रिल
नाव सुलटी केली. म्हणजे चिरंजीवांनी आणि शेजारच्या ड्रायव्हरने केली, मी दिशा दाखवली. आत पालापाचोळा, एक चप्पल आणि मुंग्यांची वसाहत. चप्पल तुझ्या भावोजींची. बाजूला ठेवली.

अ‍ॅल्युमिनियमचं मला कोणी शिकवायला नको. पंचेचाळीस वर्षं पातेली घासली आहेत. नाव म्हणजे काय, लांबट पातेलं. धुण्याचा सोडा आणि तारेची घासणी, दोन दिवसांत आरसा होईल.

६ एप्रिल
आरसा झाला नाही. नाव काळी पडली. नात फोनवर ओरडली, आजी, अ‍ॅल्युमिनियमला सोडा लावतात का कोणी! मी म्हटलं, जुनी घाण वर येते आहे, चांगलं लक्षण आहे.

९ एप्रिल
घासणीचे बारीक तुकडे पत्र्याला चिकटले होते, त्यांना गंज चढला. आता नाव काळी आणि वर तांबूस ठिपके. सून म्हणाली, डिझाइन छान आलंय. हे तिने स्वतःहून लिहिलंय की मी सांगितलं, ते तू ओळख.

११ एप्रिल, दुपारी
वेल्डर आला. नावेभोवती दोनदा फिरला, बोटांनी टकटक केलं आणि डॉक्टर करतात तसा आवाज केला. म्हणे, आजी, पत्रा पातळ झालाय, वेल्डिंगची आच लावली तर भोक मोठं होईल. रिव्हेट ढिले झालेत ते बदलावे लागतील, आतून नावेचं सीलंट भरावं लागेल. मी म्हटलं, सरळ डाख लाव की. तो म्हणाला, अ‍ॅल्युमिनियमला डाख धरत नाही. मी म्हटलं, तुझ्या हातून धरत नसेल.

बाराएक रिव्हेट ठोकले आणि चहा न घेता गेला. उरलेले सोमवारी करतो म्हणाला. माणूस जरा हळवा आहे.

१५ एप्रिल
सोमवार होऊन गेला. वेल्डर फोन उचलत नाही. कामात असेल.

आज गळती तपासली. पद्धत सोपी: नाव विटांवर ठेवायची, आत पाणी भरायचं, खाली वाकून बघायचं. वाकायचं काम सुनेला दिलं. ती खालून मोजत होती, मी खुर्चीवर बसून ऐकत होते. सतरा ठिकाणी थेंब. चिरंजीवांचं तोंड पडलं. मी त्यांना समजावलं, अरे, आपल्या चाळणीला किती भोकं असतात? त्या मानाने सतरा काहीच नाहीत.

शिवाय अर्ध्या तासाने थेंब थांबले. आतलं पाणी संपलं होतं ही गोष्ट वेगळी.

१८ एप्रिल
आता नाव माझ्या सोयीची करणे. तुझ्या भावोजींची बैठक म्हणजे आडवी टाकलेली फळी. त्यावर वीस मिनिटं बसले तर तुझ्या दारात मला उचलूनच उतरवावं लागेल. म्हणून चिरंजीवांच्या ऑफिसातली मोडीत काढलेली खुर्ची. पाठ आहे, हात आहेत. गोल फिरते, म्हणजे जाताना तुझा किनारा बघायचा आणि मन भरलं की आपला.

खुर्ची हलू नये म्हणून सुताराकडून तळातून आरपार चार बोल्ट टाकून घेतले. चिरंजीव संध्याकाळी घरी आले आणि तिथंच पायरीवर बसले. म्हणाले, आई, गळणाऱ्या नावेला तू तळाशी आणखी चार भोकं पाडलीस? मी म्हटलं, बोल्ट आत असल्यावर भोक कसलं? सदऱ्याला काज असतं, बटण लावल्यावर वारा लागतो का?

पटलं असणार. आत निघून गेले.

२२ एप्रिल
रंग: निळा. दुकानदार म्हणाला, आधी प्रायमर मारा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमवर रंग धरत नाही. म्हणजे डाख धरत नाही, रंग धरत नाही! एवढा मानी धातू असतो होय? याच धातूने माझ्या घरात निमूटपणे दूध तापवलं आहे. प्रायमर घेतला नाही.

नाव देखणी दिसते. सुनेनेही कबूल केलं की लांबून बरी दिसते. किती लांबून, ते मी विचारलं नाही.

२५ एप्रिल
वेल्डर येणार नाही असं आता वाटायला लागलं आहे. सीलंटवाला म्हणतो, मागवावं लागेल, आठ दिवस. माझ्याकडे पाच.

रात्रभर पडून विचार केला. सकाळी उत्तर स्वयंपाकघरातच मिळालं. आपल्या आईचं मोठं पातेलं आठवतं का? नसेलच. तळाशी गळायला लागलं तेव्हा आईने भोकात कणीक दाबली आणि ते पातेलं आणखी आठ वर्षं चाललं. तर मी कणीक घट्ट भिजवली, तेल घालून मळली आणि सतरा रिव्हेट, चार बोल्ट, सगळीकडे गच्च भरली. वरून निळा रंग. ओळखू येणार नाही.

चिरंजीवांनी विचारलं, सीलंट भरलं का? मी म्हटलं, भरलं. खोटं नाही, कशाचं ते त्यांनी विचारलं नाही. सून लिहायची थांबून माझ्याकडे बघते आहे. लिही म्हटलं, नवऱ्याला वही दाखवायची नाही.

पुन्हा पाणी भरून बघूया, असं ती हळूच म्हणाली. पास झालेल्याची परत परीक्षा कशाला?

२९ एप्रिल
तुला फोन केला. उद्या दहा वाजता पलीकडच्या काठावर लाल शाल घेऊन उभी राहा, म्हणजे चिरंजीवांना दिशा कळेल. तू म्हणालीस, ताई, खरंच येतेस? आणि मग तेच आणखी दोनदा विचारलंस. तुझ्या फोनला रेंज नसेल.

नवी साडी काढून ठेवली. तीन वेळा घडी मोडून पुन्हा घातली. इस्त्रीवाला नीट करत नाही.

३० एप्रिल, संध्याकाळी
थोडक्यात सांगते.

नाव तरंगली. सेक्रेटरीने पाहिलं, दातांच्या डॉक्टरनेही पाहिलं. मी लाइफ जॅकेट घालून खुर्चीत बसले, चिरंजीव वल्ह्यांवर. लांब पलीकडे तुझी शाल लाल ठिपक्याएवढी दिसत होती. अकरा वेळा वल्ही मारून झाली, मी मोजलं. मग निळा रंग सापाच्या कातीसारखा सुटून पाण्यावर पसरायला लागला. त्यामागोमाग मासे आले. इतके मासे! नावेच्या पोटाखाली नुसती झुंबड. चिरंजीव वाकून बघत म्हणाले, आई, हे खातायत काय?

मी म्हटलं, मला काय माहीत.

तुझ्या भावोजींनी बत्तीस वर्षांत जेवढे मासे पाहिले नाहीत तेवढे मी पाच मिनिटांत नावेजवळ आणले. घाबरला एकही नाही.

पाणी आधी घोट्याला, मग पोटरीला, मग मांडीला. चिरंजीव बाहेर उभे राहिले, तलाव तिथं त्यांच्या कमरेइतकाच. म्हणत होते, आई, उतर. मी उतरले नाही. नाव तळाला टेकली, तरी मी खुर्चीतच होते. शेवटी डॉक्टरने आणि सेक्रेटरीने खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला, पण चार बोल्ट पक्के होते. सुतार चांगला आहे.

तू शाल हलवतच होतीस. तुला इतक्या लांबून काय दिसणार. तासाभराने तुझा फोन आला, ताई, निघालीस का?

सुनेने उचलला. मला कपडे बदलायचे होते.

२ मे
बुडालेली नाव तरंगती धरत नाहीत म्हणे, जागा डॉक्टरला मिळाली. त्याने फोन करून दिलगिरी व्यक्त केली आणि दाढ कशी आहे विचारलं. भंगारवाला सकाळीच नाव घेऊन गेला. मी खिडकीशी गेले नाही, गुडघे दुखत होते.

वही चिरंजीव उद्या बसने तुझ्याकडे पोचवतील. चुका निघाल्या तर त्या सुनेच्या आहेत.

मला सर्दी झाली आहे, तोंडाला चव नाही. माशाचा रस्सा पाठव, मीठ बेताचं. डबा बसच्या कंडक्टरकडे देऊ नकोस, तो सांडतो. चिरंजीवांकडेही नको, ते वाटेत झोपतात. रस्सा मांडीवर धरूनच आणावा लागतो आणि दोन्ही बसमध्ये झाकणावर हात ठेवावा लागतो. परक्या माणसाला ते जमत नाही. दोघींना पुरेल एवढा कर.