शनिवारची वेणी

ठाणे, नोव्हेंबर १९९३

प्रिय कुमुद,

सांगायची गोष्ट खरं तर आनंदाची आहे, पण तुला कळवायला मन धजत नाही.

माझ्या अंगदुखीला फायब्रोमायल्जिया असं नाव देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दुखतं म्हणून पडून राहाल, तर जास्त दुखेल. रोज थोडं चाला." म्हणून मी तलावपाळीला चालायला लागले. सुरुवातीला उलट जास्तच ठणकलं. मग गच्चीवर आपल्या कॉन्व्हेंटचं ड्रिलही सुरू केलं. हात वर, हात बाजूला, आणि कानात सिस्टर अग्नेस, "स्ट्रेट, गर्ल्स, स्ट्रेट!" शेजारच्या मालनताई पापड वाळत घालताना विचारतात, "काय हो, परेडला निघालात का?"

दुखणं गेलेलं नाही, पण बरंच हलकं झालंय. आज सकाळी हात मानेमागे पोचले आणि कितीतरी दिवसांनी माझी वेणी मीच घातली.

ती घालायला तू दर शनिवारी डोंबिवलीहून येतेस. विंचरताना दटावतेस, "ताई, हलू नकोस गं, लहान आहेस का?" मग चहा होतो, शाळेच्या आठवणी निघतात, आणि संध्याकाळपर्यंत या घरात दोन माणसांचं बोलणं असतं. माझे हात वर जातात हे कळल्यावर तू कशाला येशील? तुझा संसार आहे, तुझेही गुडघे दुखतात.

उद्या शनिवार. हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, आणि वेणी आत्ताच सोडून ठेवते.

तुझी वाट बघणारी,
ताई