आईनं शिवलेली तिखटाची पिशवी

तीर्थरूप बाबा,
लेकीचा दुरूनच नमस्कार.

मी बरी आहो. कोठडीत पंखा आहे, भातही भेटते. तुमी बीपीची गोळी घेता ना?

शेजारच्या खुशालकाकानं त्याच्या इथं परदेशात राहनाऱ्या साळ्यासाठी तिखट देल्लं होतं, त्यात इथल्या विमानतळावर नशेची पावडर निघाली. दुसऱ्याचं सामान कावून उघडावं म्हनून मी पाहिलंच नव्हतं.

आता इथले अन् आपले पोलीस मिळून काकाच्या मागं आहेत. हे पत्र अकोल्याचा साध्या कपड्यातला पोलीसच आनून देईन. काका आला तर नेहमीसारखा चहा पाजा, अंगावर धावू नका.

पोलीस आईलेही विचारन. तिनं फक्त पिशवीचं तोंड शिवलं, हे मी सांगितलं आहे. मले सोडवाले ती ‘तिखट मीच भरलं’ म्हनन, बाबा. तिले म्हनू देऊ नका.

तुमची,
मोनाली