टेकडीवर न्यायची सॅक

कोरविना बंदर,
१२ मार्च

बाळ दानिलो,

तुला आशीर्वाद. मी बरी आहे, तूही बरा असशील असं धरून चालते. नोल्बेर्तोच्या थोरल्याने तुला कालामाच्या खाणीवर पाहिलं, त्यानेच हा पत्ता दिला. दाढी वाढवलीस म्हणे. शोभते का तुला?

इथे उन्हाळा संपला. शहरातली माणसं आपापल्या छत्र्या मिटून गेली. मासळी बरी आहे. शेजारची प्रिमितिवा अजून जिवंत आहे आणि अजून तितकीच बोलते.

आज भूकंपाची सॅक नव्याने भरायला काढली. तुला आठवतच असेल, दर मार्चला पाणी बदलायचं, बॅटरीचे सेल बदलायचे, भाजलेलं पीठ ताजं भरायचं. आणि दर मार्चला बांगड्याचे डबे गायब! बाबा तुझ्यावर ढकलायचे आणि तू मुकाट बोलणी खायचास. तू गेल्यावरही डबे कमी होत राहिले, तेव्हा खरा चोर सापडला. "भूक हेही संकटच की गं," म्हणाले, वर हसले.

यंदा डबे सगळे जागच्या जागी होते. ते मांडीवर घेऊन मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिले.

तू होडी सोडून खाणीत जायला निघालास, तेव्हा ते म्हणाले होते, "गेलास तर मला मेलास." त्यानंतर घरात तुझं नाव काढायची सोय नव्हती. पण सॅकमध्ये तुझं जाड जाकीट होतं, दोन पँटी होत्या आणि तुझे ते लोखंडी टोकाचे जड बूट. दरवर्षी काढून, ऊन दाखवून, स्वतःच्या हाताने परत भरायचे. मी म्हणायची, "अहो, तो तिकडे वाळवंटात बसलाय. त्याला कुठली लाट गाठणार आहे? काढा की हे ओझं."

"आणि नेमका त्याच दिवशी घरी आला तर? अनवाणी चढेल टेकडी? तुला काही कळत नाही, गप्प बस."

नाव घ्यायचं नाही, पण बूट वागवायचे. असला माणूस!

गेल्या ऑगस्टमध्ये सकाळी मोठा हादरा बसला. चहा चुलीवर होता. मला उभं राहता येईना, आणि आपला नियम तुला ठाऊक आहे: उभं राहता आलं नाही तर लाटेच्या भोंग्याची वाट बघायची नाही, सरळ वर. सगळा गाव टेकडीला लागला. वाटेवर चिखल होता. बाबांना धाप लागली. मागून नोल्बेर्तो ओरडला, "दादा, फेका ती सॅक! जीव मोठा की सामान?" मीही पट्टा ओढला. त्यांनी माझा हात झटकला. "पोराचं आहे यात," म्हणाले.

वरच्या वळणावर बसले. बसले ते उठलेच नाहीत.

पाणी आलंच नाही, दानिलो. होड्या जरा हलल्या, एवढंच. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी परतले. तुझ्या बाबांना चौघांनी खाली आणलं. तुला कळवायला तेव्हा पत्ता नव्हता. पत्ता मिळून महिना झाला, पण हे लिहायला हात धजत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं, रिकाम्या हाताने चढले असते तरी हेच झालं असतं. मी सगळ्यांना हेच सांगते, तुलाही सांगते. पण आज ती सॅक उचलायला गेले, तर मला दारापर्यंतही नेता आली नाही. तेव्हा तुझा राग आला. खूप आला. मग त्यांचा आला. मग मी प्रिमितिवाला ऐकू जाईल इतकी रडले.

आता सॅक दोन केल्यात. एकीत माझं पाणी, माझं पीठ, माझी शाल. दुसरीत तुझं सगळं. दोन्ही दाराशी ठेवल्यात. जमीन हलली की मी माझी घेऊन चढेन. तुझी घेणार नाही. मला तुझी आठवण वागवता येते, तुझे बूट नाही.

ती सॅक तुझी तू उचल. त्यासाठी यावं लागेल.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
आई