उंटाचं राहून गेलं

बदनापूर

प्रिय प्रीती,

सप्रेम जयभीम. टेंभुर्णीला नीट पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या दादांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू माइकवर त्यांची सांड्याची गोष्ट सांगितलीस. जैसलमेरकडे सोलरच्या कामावर असताना त्यांनी पाहिलेला, घोरपडीसारखा वाळवंटी प्राणी. ऊन चढलं की तो बिळात शिरतो आणि आतून तोंड मातीने बुजवून घेतो, म्हणजे श्वासातली ओलसुद्धा बाहेर जात नाही. ऐकून सगळ्यांनी डोळे पुसले. मी तुझ्याकडे बघत होते आणि मला तुझा राग येत होता. मागून शेजारच्या झुंबरबाई कुजबुजल्या, "बाईच्या डोळ्यात टिपूस न्हाई." खरंच नव्हतं. नवरा माझा गेला होता आणि त्याच्या गोष्टी तुझ्याजवळ निघाल्या.

ते रोज संध्याकाळी आधी मलाच फोन करायचे. आमच्या गल्लीत नळही त्याच सुमारास येतो. "अगं ऐक ना, इथला उंदीर पाणीच पीत न्हाई, दाण्यातूनच भागवतो," असं सुरू करायचे. "मंग त्याला इकडं पाठवा, बदनापुरात सुखानं राहील," असं मी म्हटलं की हसायचे. तेवढ्यात नळ सुटायचा. "ठेवते, पाणी आलं," म्हणत मी पाइप घेऊन ड्रमकडे पळायचे. उंट श्वासातलं पाणी नाकातच कसं धरून ठेवतो, तेही असंच अर्धं राहिलं. सुट्टीत आल्यावर सांगतील असं वाटलं होतं. सुट्टीआधीच हृदय बंद पडलं.

सांड्यानंतर तू मोबाइलमधला त्यांचा व्हॉइस मेसेज माइकला लावलास आणि मंडपात त्यांचा आवाज आला, "प्रीती, तुझ्या वहिनीचं पाणी आलंय. मंग उंटाचं आता तूच ऐक." लोक हसले. तुला रडू फुटलं आणि तू तो तिथंच बंद केलास.

काल नळ आला. भिंतीपलीकडून झुंबरबाई ओरडल्या, "दीपमाला, पाणी वाया चाललं की बाई!" मी ड्रमशेजारी बसून राहिले.

तुझ्या मोबाइलमधले त्यांचे सगळे आवाज मला पाठव. तू ऐकू नकोस असं म्हणत नाही. पण ते आधी माझ्यासाठी होते. उंटाचा पहिल्यांदा पाठव.

तुझीच,
दीपमाला वहिनी