सुपारीएवढा गूळ

२१ नोव्हेंबर १९४६, सांगली

वैद्यांनी आज चांगलंच झाडलं! जळजळ नुसत्या औषधानं जायची नाही म्हणे. "आदगोंडा, तू जेवत नाहीस, पोतं भरतोस." जेवण झालं की सुपारीएवढा गूळ घ्यायचा. बघायचा, हुंगायचा, मग तोंडात धरायचा — चावायचा नाही, विरघळू द्यायचा. काय जाणवलं ते लिहून काढायचं. म्हणून ही वही. पन्नाशीच्या हळद-व्यापाऱ्यानं गुळाचा अभ्यास करायचा! पेठेत कळलं तर हसून हसून लोळतील.

२२ नोव्हेंबर

चावून टाकला. सवय.

२४ नोव्हेंबर

आज जमलं. खडा उजेडात धरला — कडेला तांबूस, आत मधाच्या रंगाचा. वास घेतला तर आधी हळदच आली, माझ्याच बोटांची. जिभेवर ठेवला. आणि काय, आधी जरा खारट! मग गोड. अगदी शेवटी घशाशी किंचित धुरकट. जन्मभर गूळ खाल्ला, तो खारट लागतो हे ठाऊक नव्हतं. हळकुंड मोडलं की नुसत्या आवाजावरून माल ओळखणारा मी!

२८ नोव्हेंबर

बायकोनं, गुणमालानं, आज हुग्गी केली होती. गव्हाची खीर मी एरवी पितोच म्हणायला हवं. आज सावकाश खाल्ली. गहू दाताखाली फुटतो, खोबरं कचकन लागतं, जायफळ मागाहून येतं.

वाढताना तिनं नेहमीचं विचारलं, "आवं, गूळ बेताचा पडलाय न्हवं?" मी नेहमीचं "हं" म्हणालो. मग मनात आलं, दर गोडाला ही हेच का विचारते? स्वतः चाखून बघायला काय होतं?

एरवी तिनं स्वतःचं ताट घेण्याआधीच मी हात धुऊन पेठेत पळालेला असतो. आज रेंगाळलो म्हणून दिसलं. तिच्या ताटात भाकरी आणि आमटी होती. हुग्गी नव्हतीच.

२९ नोव्हेंबर

चंदनबालाआक्काकडे गेलो, थोरल्या बहिणीकडे. सहज विचारलं, गुणमाला गोड का खात नाही? आक्का माझ्याकडे बघतच राहिली.

"आरं, तिचा नेम इसरलास? तुला मुदतीचा ताप आला तवा तिनं देवाम्होरं बारा वरसं गोड सोडलं. आन् तूच म्हनला व्हतास न्हवं, पारणं माज्या हातानं करीन म्हून? गेल्या कार्तिकी पुनवंला सरली की बारा वरसं!"

म्हणजे वीस दिवस होऊन गेले. मी म्हटलं, मग ती बोलली का नाही? आक्का म्हणाली, "पारणं काय मागून घ्यायचं आसतंय व्हय रं?"

आठवलं सगळं. घोंगडी, औषधाचा कडू वास, कपाळावर तिचा गार हात. मी दिलेला शब्दही आठवला. बारा वर्षं तिनं जिभेला न लावता गोड रांधलं, म्हणून विचारत होती बिचारी. आणि मी न चाखताच "हं" म्हणत होतो. लाज वाटते. फार लाज वाटते.

३० नोव्हेंबर

खरं तर डब्यातला खडा उचलून तिच्या हातावर ठेवायचा, एवढंच काम. पण हा गूळ गेल्या सालचा, पाझरलेला. बारा वर्षांचं पारणं असल्या गुळावर? कुंडलला ओळखीच्या कृष्णातचं गुऱ्हाळ आठवड्याभरात पेटतंय. पहिल्या आधणाचा गूळ आणीन. तोवर तिला काही कळू द्यायचं नाही.

३ डिसेंबर

गुऱ्हाळ अजून पेटलं नाही. गुणमाला चवळ्या निवडत बसली होती. अगदी ओठांवर आलं होतं. बोललो नाही.

७ डिसेंबर, कुंडल

मालाचं काम आहे असं सांगून पहाटेच निघालो. दारात ती म्हणाली, "आज चौदस हाय..." पुढं काहीतरी बोलणार होती. चौदशीला ती बस्तीत, आमच्या जैन देवळात, जाते. गाडीची घाई — मी "हं" म्हणालो आणि चालू लागलो.

इथं चुलाणापाशी बसून लिहितोय. काहिलीत रस आधी फसफसत होता, मग बुडबुडे मोठे झाले, आवाज जड झाला. वास असा की तोंडाला पाणी सुटावं! मी बोट पुढं केलं तसा कृष्णात ओरडला, "आवं आण्णा, दम धरा की! जीभ पोळंल. लय घाई तुमची."

वाफ्यात, म्हणजे गार करायच्या हौद्यात, ओतलेला गूळ निवल्यावर मऊ, सोनेरी खडा काढून दिला त्यानं. केळीच्या पानात बांधून घेतलाय. मी चाखला नाही. आधी ती.

८ डिसेंबर, सांगली

हातपाय धुतले आणि तिला समोर बसवलं. पान सोडलं. घर वासानं भरलं. म्हटलं, "गुणमाला, हात पुढं कर. पारणं. चुकलोच मी, उशीर झाला."

तिनं हात पुढं केला नाही. पदरात गुंडाळून घेतला. नजर गुळावर होती.

"काल चौदस व्हती. बस्तीत गेले आन् देवाम्होरं गोडाचा जल्मभराचा त्याग घिऊन आले. म्हटलं, तुमच्या ध्यानात न्हाई. उगं कवापातुर वाट बघायची?" मग म्हणाली, "रागानं न्हवं, आवं. खरंच न्हवं."

एक दिवस! डब्यातला जुना खडा पुरला असता. कशाला गेलो मी कुंडलला?

९ डिसेंबर

जेवण झालं. गुणमालानं नव्या गुळाचा सुपारीएवढा खडा फोडून माझ्याच हातावर ठेवला आणि समोर बसली.

"खावा. सावकास. आन् मला सांगा, कसं लागतंय."

"हं" म्हणता येईना. खडा तोंडात धरला.

"आधी जरा खारट लागतं," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. "व्हय... आन् मग?"