न भरलेली बाटली

ताईस, तुझ्या धाकटीचा नमस्कार.

इथे दवाखान्यासमोरच खोली मिळाली. बाळ मजेत आहे, दोन दात आलेत. सोनोग्राफीचा गार जेल पोटाला लागला की खुदकन हसतं. पोटातली गाठ अजून वाटाण्याएवढीच आहे. डॉक्टर म्हणतात, एवढ्यात कापायची नाही, औषधही नाही. अशा गाठी पुष्कळदा आपोआप विरतात. दर महिन्याला नुसतं बघायचं.

बाळांची लघवी तपासायला आपल्या दोघींना एकेक बाटली दिली होती. मी भरून दिली, त्यातूनच ही गाठ कळली. तू छकुलीची भरायची विसरलीस, तेव्हा मी केवढी बोलले तुला! आता तुझ्या त्या विसरण्यावरच जळते मी.

छकुली कशी आहे? तिला आंघोळ घालताना तुझा हात पोटावरून सरळ पुढे जातो ना गं? माझा तिथेच अडतो.

तुझी जळकुकडी,
धाकटी