स्पीकर उघडण्याचा हक्क

दोन उभे स्पीकर, त्यांच्या लाकडी खोक्यांसह. ते चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर. तबकड्यांचे कपाट, ज्यातून कुठलीही तबकडी शेजारणीला न घासता बाहेर येते. मागच्या खोलीच्या भिंतींवरचे जाड लोकरी अस्तर. त्याच खोलीचे दार, जे बंद होताना आवाज करत नाही. एक खुर्ची, जी करकरत नाही. एवढ्या वस्तू मी स्वतःच्या हातांनी बनवल्या आहेत आणि त्यांतली एकही बनवायला मला कोणी शिकवलेले नाही. हे आधी लिहिले, कारण पुढचे वाटप मुख्यतः याच वस्तूंचे आहे, आणि माझ्यामागे ‘कुठून तरी आणलं असेल’ असे कोणी म्हणू नये.

मी, रेडिओ आणि ध्वनियंत्रे दुरुस्त करणारा, वय वर्षे चोपन्न, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या भरीस न पडता, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. येत्या आठवड्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काम किरकोळ आहे. मीही गिऱ्हाइकांना तसेच सांगतो.

वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. तो अर्ध्या पानात संपत होता. कारणे लिहायची गरज नसते, असे त्यांचे म्हणणे. मला गरज आहे.

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. स्पीकर बनवत होतो त्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी तिला खुर्चीत बसवून विचारायचो, आत्ताचे बरे की मघाचे. ती म्हणायची, ‘दोन्ही सारखंच आहे, आणि तिकडे दूध उतू जातंय.’ एवढे सोसलेल्या बाईला घर मिळालेच पाहिजे. तिच्या कानांबद्दल मला काही म्हणायचे नाही.

कलम २. रंधा, करवती आणि लाकूड आवळून धरायचे शिकंजे शेजारच्या सुताराला. त्यांतले दोन शिकंजे मुळात त्याचेच आहेत, हे तो गल्लीभर सांगत आला आहे. आता घे म्हणावे. या वाटपामुळे त्याला साक्षीदार होता येत नाही, याचाही त्याला राग आला. म्हणतो, शिकंजे नकोत, सही करू दे. नियम म्हणजे नियम.

कलम ३. आता मुख्य. आमच्या घरात गाण्यांवरून तीन पिढ्या वाद चालू आहे. वडिलांच्या मते संगीत त्यांच्या लग्नाच्या सुमारास संपले. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, याच्या मते ते त्याचे कॉलेज सुटेपर्यंत कसेबसे चालू होते, मग संपले. माझ्या उमेदीच्या काळातली नवी गाणी मी दुकानात मोठ्या यंत्रावर ऐकून यायचो. घरी तीच रेडिओवर लागली की वडील आतल्या खोलीतून विचारायचे, ‘पत्रा कोण बडवतंय रे?’ दादा खो खो हसायचा. दोघेही आपापल्या तरुणपणावर भाळलेले होते, हे उघड आहे.

माझे तसे नव्हते. माझ्या तरुणपणीचे संगीत खरोखरच सर्वोत्तम होते आणि माझ्याकडे त्याचा पुरावा होता, तो म्हणजे हे दोन स्पीकर. त्यांवर वडिलांची गाणी लावा, फिकी. मुलीची लावा, चिखल. माझी लावा, की गायिका समोर येऊन उभी राहते. खोलीत आलेल्या प्रत्येकाने हे मान्य केले आहे. दादानेही केले, मग माझ्याच खुर्चीत बसून म्हणाला की यंत्र चांगले आहे, गाणे वाया गेले.

माझी मुलगी ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काम करते. त्याचे रीतसर शिक्षण घेतलेली आहे, माझ्या पैशांनी. गेल्या वर्षी ती मोजमापाचा माइक घेऊन आली. माझ्या खुर्चीत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर तो लावला, स्पीकरमधून जाडापासून बारीकपर्यंत सगळे सूर सोडले आणि लॅपटॉपवर एक रेघ काढली. रेघ सपाट यायला हवी. माझ्या रेघेला एक टेकडी होती आणि एक खड्डा होता. टेकडी नेमकी तिथे, जिथे माझ्या आवडत्या गायिकेचा आवाज असतो. खड्डा तिथे, जिथे हिच्या गाण्यांचा ठेका असतो.

स्पीकरच्या पोटात क्रॉसओव्हर नावाची एक पाटी असते. ती जाड आवाज मोठ्या पडद्याकडे आणि बारीक आवाज छोट्याकडे वाटून देते. सगळी करामत तिची. मुलीने विचारले, ती पाटी तुम्ही कुठली तबकडी लावून जुळवलीत? मी अभिमानाने सांगितले. माणूस सर्वोत्तम तबकडी लावूनच जुळवणार ना?

‘मग झालं तर,’ ती म्हणाली. ‘बाबा, तुम्ही स्पीकर त्या गाण्याच्या मापाने शिवलाय. दुसऱ्या कुणाचं गाणं त्यात मावेल कसं?’

मी म्हणालो, मी कानाने जुळवले आहे, फूटपट्टीने नाही.

‘कान तर आजोबांनाही होता की.’

या वाक्यावर मी तिला खोलीबाहेर जायला सांगितले. ती गेली. दार अर्थातच आवाज न करता बंद झाले. रागाने आपटायचीही सोय मी त्यात ठेवलेली नाही. तेव्हापासून ती घरी येते, स्वयंपाकघरात आईशी बोलते आणि जाते. मागच्या खोलीत पाऊल टाकत नाही. आईला सांगून ठेवले आहे, ‘ते स्पीकर मला देऊ नका. माझ्या घरी येऊनही ते बाबांचीच गाणी गात बसतील.’ म्हणजे माझ्यामागे ती ते नाकारणार, मग पत्नी ते दादाला देऊन टाकणार, आणि दादा त्यांवर फुलदाणी ठेवणार.

ती गेली त्या आठवड्यात, केवळ तिला खोटे पाडावे, माझे गाणे कुठल्याही यंत्रावर उत्तमच वाजते हे दाखवावे म्हणून, मी वडिलांचा रेडिओ माळ्यावरून खाली काढला. वडील आता नाहीत. रेडिओ चालू होता, कारण तो मीच वेळोवेळी दुरुस्त केलेला आहे. आत एकच स्पीकर, तळहाताएवढा. त्याला तबकडी वाजवायचे यंत्र जोडले आणि माझी ती सर्वोत्तम तबकडी लावली. जाड आवाज नावालाही नाही. बारीक आवाज किरकिरा. थोडक्यात, पत्रा. मग वडिलांच्या आवडीचे गाणे लावले. ते इतके स्वच्छ आणि इतक्या जवळून आले की मी उठून रेडिओ बंद केला.

म्हणजे वडील खोटे बोलत नव्हते. मी दुकानात ऐकलेले मनात घेऊन घरात ऐकत होतो. त्यांना जे ऐकू येत होते तेच ते सांगत होते. याचा मला भयंकर संताप येतो. एकदा तरी बोलावून म्हणायचे होते, की बाबा रे, या रेडिओवर तुझी गाणी अशी येतात. मी संध्याकाळपर्यंत दुसरा मोठा स्पीकर बसवून दिला असता. तो माणूस जाईपर्यंत आम्ही भांडलो, आणि सगळे भांडण एका स्पीकरचे होते. घरात रेडिओ दुरुस्त करणारा असताना.

म्हणून मी असे ठरवून देतो, की दोन्ही स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, माझी सोल्डरिंगची हत्यारे आणि मीटर मुलीला मिळावीत. सोबत तिला पुढील हक्क असावा. तिने मागच्या फळ्या उघडाव्यात, माझा क्रॉसओव्हर काढावा आणि तो हवा तसा नव्याने जुळवावा. मला विचारल्यावाचून, दादाला तर मुळीच न विचारता. अटी दोनच. उघडण्यापूर्वी एकदा माझी तबकडी पूर्ण ऐकावी, खुर्चीत बसून, फोन बाहेर ठेवून. आणि नवा क्रॉसओव्हर जुळवताना फक्त स्वतःचीच गाणी लावू नयेत. तिला उद्या मुले होतील, ती तिच्या गाण्यांना काय म्हणतील हे ऐकायला मी नसेन, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याचा अर्थ मी हरलो असा कोणी काढू नये. माझ्या तरुणपणीचे संगीत सर्वोत्तमच होते. फक्त आता माझ्याकडे पुरावा उरलेला नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायला मी म्हणजे काही दादा नव्हे.

कलम ४. वडिलांचा रेडिओ दादाला. त्यावर त्याच्या काळातली गाणीही उत्तम वाजतात, तपासून पाहिले आहे. त्याने सुखाने ऐकावीत. मात्र माझ्यामागे जमलेल्या मंडळींत त्याने ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी एकही वाक्य सुरू केले, तर रेडिओ सुताराला जाईल. वहिनींनी लक्ष ठेवावे. त्या ठेवतील.

कलम ५. तबकड्या आणि त्यांचे कपाट मुलीला. ऐकल्या नाहीत तरी चालेल, पण उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत.

कलम ६. माझ्या अंत्यविधीला कोणतेही संगीत वाजवू नये. तिथली ध्वनियंत्रणा मी पाहिली आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, खाली सही करत आहे. पहिल्या साक्षीदार, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई. दुसरे साक्षीदार, वरच्या मजल्यावरचे निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी माझ्या स्पीकरांच्या आवाजाबद्दल वेळोवेळी लेखी तक्रारी केलेल्या असल्याने ते माझ्या बाजूचे आहेत असे कोणी म्हणू शकणार नाही. तिघांच्याही सह्या एकमेकांदेखत झाल्या. स्थळ, राहत्या घराची मागची खोली. तारीख साक्षीदारांनी आपल्या हाताने घातली आहे.

सह्या झाल्यावर गणित शिक्षकांनी विचारले, की या दोन खोक्यांपायी एवढे लिहिलेत, तर त्यांची किंमत तरी किती धरायची? प्रश्न रास्त आहे. म्हणून हा मजकूर जोडून त्याखाली पुन्हा तिघांच्या सह्या घेतल्या आहेत.

गेल्या महिन्यात जुनी ध्वनियंत्रे जमवणारे एक गृहस्थ आले होते. माझ्याच वयाचे. मी ती तबकडी लावली. त्यांनी रुमाल काढला आणि पुन्हा लावायला सांगितले. मग त्यांनी दोन्ही स्पीकर मागितले. त्यांची एकच अट होती. मागच्या स्क्रूंवर मी माझ्या हाताने लाख ओतून द्यायची आणि आतल्या जुळवणीला यापुढे कोणीही हात लावणार नाही असे लिहून द्यायचे. त्यांना ते गाणे कायम असेच ऐकायचे होते. मला त्यांचे म्हणणे अक्षरशः पटत होते. मी म्हणालो, मागच्या फळ्या माझ्या मुलीला उघडायच्या आहेत. ते म्हणाले, पण तिला तर नकोत, तुम्हीच सांगितलेत ना? तरीही मी विकायला नकार दिला. रक्कम साडेचार लाख होती, रोख.